फाटकावर त्याची आई

नागपूरहून आमच्या खाणीवर पोचायला अख्खा दिवस जायचा. शेवटच्या टप्प्यात तर समोरून येणारे खनिजाचे ट्रक आणि दोन्ही बाजूंना धुळीने लाल झालेलं जंगल, एवढंच दिसायचं. मी तिथे प्रयोगशाळेत होते. डोंगराच्या निरनिराळ्या भागांतून आलेले दगड भरडायचे, त्यांची पूड करायची आणि तिच्यात लोह किती आहे ते काढायचं, हे माझं काम. नोकरी लागली तेव्हा आईने नागपुरात नंदनवनातल्या आमच्या गल्लीत घरोघर पेढे वाटले होते.

खाणीच्या फाटकावरचा रखवालदार पायथ्याच्या गावातला होता. माडिया आदिवासी घरातला, पंचविशीतला, आश्रमशाळेत शिकलेला, म्हणून मराठी बोलायचा. वडील लहानपणीच गेलेले, घरी तो आणि आई. निळा गणवेश त्याला खांद्यावर मोठा व्हायचा. आमची जीप आली की तो उगीचच सलाम ठोकायचा आणि मग स्वतःच हसायचा.

खाण वाढली तशी एका उन्हाळ्यात डोंगराची आणखी एक बाजू कुंपणात गेली. मोहाची फुलं गळायचे दिवस होते. सकाळी आमची जीप फाटकाशी थांबली, तर पलीकडे गावातल्या बायका टोपल्या घेऊन उभ्या. त्यांची झाडं आता आत होती. रखवालदार त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होता, आवाज खाली ठेवून. सगळ्यांत पुढे उभी असलेली बारीक अंगाची बाई त्याचं ऐकत होती, मधेच काहीतरी विचारत होती. तो नुसती मान हलवत होता. शेवटी तिने टोपली खाली ठेवली आणि ती तिथेच रस्त्याच्या कडेला बसली. बाकीच्या बायका वळून गेल्या.

फाटक उघडून तो जीपजवळ आला. त्या दिवशी सलाम नाही. मी विचारलं, काय झालं.

"माझी आई आहे, मॅडम," तो म्हणाला. "विचारते, आत्ता नाही तर संध्याकाळी येऊ का."

पुढे काही दिवस ती रोज येऊन बसायची. भांडण नाही, रडणं नाही. दुपारपर्यंत बसायची आणि रिकामी टोपली घेऊन परत जायची. घरी दोघं एकमेकांशी काय बोलत असतील, याचा मी विचार करायचे. एकदा त्याला विचारलंही. जेवायला वाढते, एवढंच तो म्हणाला. मग एके दिवशी ती यायची थांबली. त्या बाजूला सुरुंग लागायला लागले होते आणि झाडं पडली होती.

पावसाळा सरता सरता मी सुटीवर नंदनवनात आले होते. खाणीवरून फोन आला. रखवालदाराला ताप होता, मलेरिया मेंदूत गेला होता, त्याला नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात आणत होते. सोबत फक्त आई होती आणि तिला मराठी येत नव्हतं. तिने पाहिलेलं असं शहरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी गेले तेव्हा ती अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर फरशीवर बसली होती. बाकावर बस म्हणून खूण केली, तर ती जरा सरकली आणि तिने मलाच फरशीवर जागा करून दिली. डॉक्टर येऊन माझ्याशी बोलायचे. ते गेले की ती माझ्या तोंडाकडे बघायची. मला तिच्या भाषेतले चार-दोन शब्द यायचे, पाणी, भात, ये, जा. त्यांत सांगता येण्यासारखं काही नव्हतं. मी नुसता तिचा हात धरायचे.

दुसऱ्या दिवशी तिला आंघोळीला आणि जेवायला घरी आणलं. माझ्या आईने वरण-भात वाढला, शेजारी बसून तिला घास घ्यायला लावले. दोघींचं एकमेकींना एक अक्षर कळत नव्हतं, तरी आई सारखी बोलत होती. "खाय वं बाई, पोराजवळ बसाचं हाय तुले." मग आईने तिचं लुगडं धुवायला घेतलं. मोरीत लाल पाणी वाहायला लागलं. आईने ते पुन्हा पिळलं, पुन्हा तेच.

"तुह्या कपड्याइचंबी असंच निघते," आई मला म्हणाली. "किती लाल हाय वं तिकडं?"

मी बादली पुन्हा भरून दिली.

दुपारी रखवालदाराची आई दिसेना. गच्चीवर सापडली. चारी बाजूंना पाण्याच्या टाक्या, डिश, वाळत घातलेले कपडे. ती कठड्याशी उभी राहून कुठे काही उंच दिसतं का ते शोधत होती. माझी आई मागोमाग चढून आली. "काय पाहून रायली वं?" रखवालदाराच्या आईने हात उंचावून डोंगराचा आकार केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी आग्नेयेकडे बोट दाखवलं. तिकडे एका इमारतीचं बांधकाम चाललं होतं. त्या इमारतीकडेच ती बराच वेळ बघत राहिली.

तो वाचला. डॉक्टरांनी ते मला सांगितलं तेव्हा मी तिला हसून दाखवलं आणि तीही हसली. तिला हसताना मी तेवढंच पाहिलं. तिला आत नेलं तर त्याचे डोळे उघडे होते, पण ते तिच्यावर थांबत नव्हते. तिने त्याला हाक मारली. पुन्हा मारली. त्याने छताकडे पाहिलं. उजवा हात पांघरुणावर तसाच पडून होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, काही सुधारणा होईल कदाचित, पण फार आशा धरू नका. घरी न्या, हातापायाची हालचाल करवून घ्या.

घरी, म्हणजे जिथे त्या कामाला माणूस मिळणार नाही, जिथे पावसात नाला चढला की रस्ताच बंद होतो. हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

मी खाणीवर परतले तेव्हा फाटकावर नवा माणूस होता, बाहेरगावचा. मी गावात गेले. घरासमोर खाटेवर तो बसला होता. निळी पँट अजून तीच होती. मी त्याच्या नावाने हाक मारली, त्याने मान वळवली, पण ओळख नव्हती. त्याची आई त्याला भात भरवत होती. माझ्यासाठी तिने चटई टाकली, पाणी दिलं. मागचा डोंगर तोवर पायऱ्यापायऱ्यांनी निम्मा कापला गेला होता.

मला करता येण्यासारखं एकच होतं, ते मी केलं. साहेबांकडे शब्द टाकून त्या घरातल्या कोणाला तरी काम द्यायला लावलं. कोणाला तरी म्हणजे तिलाच. ती आता आमच्या प्रयोगशाळेत झाडायला येते. भरडयंत्राखाली दिवसभर पूड सांडते, ती गोळा करून बाहेर टाकते. मुलाला शेजारणीच्या भरवशावर ठेवून येते. वाटेत फाटकावर नवा रखवालदार तिचा ओळखबिल्ला पाहतो आणि तिला आत सोडतो.

माझ्या आईचा फोन आला की ती अजून विचारते, "पोरगं बोलाले लागलं का वं?" मी नाही म्हणते. त्याले पुन्हा नागपूरले आन, दुसऱ्या डॉक्टरले दाखवू, असं ती म्हणते. मी हो म्हणते. त्याच्या तपासणीचे कागद मी नागपुरातल्याच दोन डॉक्टरांना आधीच दाखवलेत. दोघांनीही ते घडी करून परत दिले.