आम्हाला ऐकू न आलेली शिट्टी

"आधी सगळं बंद करा," एवढं म्हणून तो डोळे मिटायचा. पंखा, टीव्ही, माणसांची तोंडं, सगळं बंद. मग बिघडलेल्या यंत्रावर लाकडी काडीचं एक टोक टेकवून दुसरं कानामागच्या हाडाला लावायचा. आमच्या लातूरच्या गल्लीत पोरीबाळी त्याला चाचा म्हणत. मी उस्ताद म्हणायचे, तो मला अक्का. रेडिओ दुरुस्त करण्यात उमर गेली, नंतर येईल ते उघडायचा.

माणूस गोड नव्हता. मध्ये कुणी बोललं की पकड खाली ठेवायचा. "तुमीच करा मंग. मी जातो घरी."

मी पोरींना राहायला खोल्या देते. क्लास वाढले तशा खोल्या वाढवल्या. शिकलेय चौथी, पण कुठली पोर अभ्यास करते नि कुठली टाळते ते मला कळतं, असं मी समजत होते.

उमरीकडची एक पोर जिन्याखालच्या खोलीत एकटी राहायची. डॉक्टर व्हायचं होतं तिला. क्लासच्या चाचण्या लॅपटॉपवर. महिनाभर तिची एकच रड, "मावशी, यातून शिट्टीसारखा आवाज येतो. डोक्यात घुसतो." मी कान लावून पाहिला. काही नाही. मार्क घसरत चालले. मी तिच्या बापाला फोन केला, "पोरगी बहाणे करून राहिली. घेऊन जा."

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. लेकीला म्हणाला, "बॅग भर. पाव्हण्यांना होकार कळवतो."

पोर रडायला लागली. चाचा तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात मिक्सर खोलून बसला होता. "काय झालं, अक्का?"

"काई न्हाई. तिला नसलेला आवाज येतो."

"नसलेला कोन म्हनलं?" मिक्सर तसाच टाकून तो उठला. हातातलं काम टाकून उठलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहिला.

घरातलं सगळं बंद झालं. त्याने पोरीला विचारलं, "चार्जर काढल्यावर बी येतो?"

"येतो."

"पडद्याचा उजेड कमी केल्यावर?"

"बदलतो थोडा."

"मंग आतला पंखा न्हाई." त्याने लॅपटॉप पालथा करून खालची पाठ खोलली, चालूच ठेवून काडी लावली, डोळे मिटले. बराच वेळ. मग म्हणाला, "मला येत न्हाई."

बाप उठला. "बघा! मिस्त्रीला बी येत न्हाई. चल गं."

"बसा. मी म्हातारा झालो. बारीक आवाज कानातून आधी जातात." पोरीला त्याने भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "थांबला की हात वर कर, बेटा."

काडीने तो एकेक ठिकाण दाबत गेला. हात वर होईना. बापाने बॅग उचलून खांद्याला लावली. वाटाण्याएवढं तारेचं एक वेटोळं होतं, त्यावर काडी टेकली. हात वर. काडी उचलली. हात खाली. नुसतं दाबल्याचं सोंग केलं, हात खालीच. मग त्याने काडी बापाच्या हातात दिली. "आता तुमी."

बापाने काडी वेटोळ्यावर टेकवली. त्याने दाबलं. भिंतीकडे तोंड केलेल्या पोरीचा हात वर गेला. त्याने पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा वर. बॅग त्याने खाली ठेवली.

"तार थरथरून राहिली," चाचा म्हणाला. बॅटरी सोडवून, वरच्या पोरींकडून नेलपॉलिश मागून त्याने वेटोळ्यावर दोन थेंब सोडले. वाळल्यावर लॅपटॉप सुरू केला. पोर म्हणाली, "गेला."

मग तो माझ्याकडे वळला. "फोन तुमी केलता ना?"

"माझं चुकलं," मी बापाला म्हटलं. जड गेलं. संध्याकाळच्या गाडीने तो एकटाच परत गेला.

चहा पिताना मी विचारलं, "उस्ताद, तिचं खरं कसं मानलं हो?"

"भूकंपात एका गावात दगड उपसायला गेलतो. एक बाई म्हनली, आत आवाज हाय. मी सगळ्यांना गप केलं, कान लावला, म्हनलं, काई न्हाई. मानसं पुढं गेली." बशी खाली ठेवून म्हणाला, "बाईचं खरं होतं."

त्यानंतर तो फार दिवस जगला नाही. त्याच्या दुकानात आता क्लासची पुस्तकं विकतात. मला दिसतो तो त्या संध्याकाळी निघालेला. रस्त्याच्या मधोमध चालला होता आणि मागून रिक्षावाला किरट्या आवाजाचा हॉर्न सारखा मारत होता. हा वळेचना. मी धावत जाऊन दंड धरला, बाजूला ओढला.

"काय झालं, अक्का?"

"काई न्हाई. मला बी कोपऱ्यापर्यंत यायचंय."

मला कुठेच जायचं नव्हतं.