बदरुद्दीनचा चोरखिसा

रिसोडच्या सराफा ओळीत बदरुद्दीन कारागिराबद्दल विचारलंत तर पहिली गोष्ट हीच सांगतील, की हा माणूस रोज संध्याकाळी पेढीवरून उठताना आपले खिसे उलटे करून दाखवतो. कुणी मागत नाही, कुणी अडवत नाही. सोन्याचं काम करणाऱ्या सगळ्यांनाच उठताना कपडे झटकावे लागतात, हात परातीत धुवावे लागतात, कारण कानशीखालचा कीस बाहीला आणि नखांना चिकटतो, आणि तो कीसही सोनंच असतो. तेवढं सगळेच करतात. बदरुद्दीन मात्र सदऱ्याचे, पायजम्याचे, आतल्या बंडीचे, असे सगळे खिसे बाहेर ओढतो, सेठजीसमोर क्षणभर तसाच उभा राहतो आणि मग घरची वाट धरतो. लोक म्हणतात, काय इमानदार माणूस आहे.

आता खरं सांगायचं तर याची सुरुवात काही इमानदारीतून झाली नव्हती. वीसेक वर्षांपूर्वी पेढीवर एक सोन्याचा मणी हरवला. कामावर पाच जण बसले होते, झडती एकट्या बदरुद्दीनची झाली. एकट्याचीच का, ते तुम्ही समजा, मी कशाला तोंड उघडू? दुसऱ्या दिवशी मणी मोरीच्या जाळीत सापडला. सेठजी माणूस वाईट नव्हता. त्याने घरी पेढे पाठवले आणि बदरुद्दीनला बाजूला घेऊन हळूच कानात सांगितलं की गैरसमज झाला, मनावर घेऊ नको. झडती चौघांसमोर आणि माफी कानात! त्या संध्याकाळपासून बदरुद्दीनने खिसे उलटे करायला सुरुवात केली. सेठजी म्हणायचा, राहू दे रे, कायले लाजवतं. याने ऐकलं नाही. पुढे त्याची सवय झाली, सवयीचा अभिमान झाला आणि मुळातलं दुखणं तो स्वतःच विसरून गेला.

तर असा हा माणूस गेल्या उन्हाळ्यात एकटा परदेशात गेला. त्याची लेक आरजू सहा वर्षांपासून बिश्केकला डॉक्टरकी शिकत होती. हे बिश्केक म्हणजे किर्गिझस्तान नावाच्या देशाची राजधानी. आपल्याकडची बरीच पोरं तिकडे जातात, कारण इथली फी ऐकूनच ताप येतो. आरजू गेली तेव्हा तिच्या कानातल्या सोन्याच्या बाळ्या पहिल्या वर्षाच्या फीत गेल्या होत्या आणि तेव्हापासून पोरगी प्लास्टिकचे टॉप्स घालून फिरत होती. बदरुद्दीनने तिला शब्द दिला होता, डॉक्टर झालीस की तुझ्या कानात माझ्या हातचं सोनं घालीन. आयुष्यभर याने दुसऱ्यांच्या लेकीसुनांचे डागदागिने घडवले, स्वतःच्या पोरीसाठी तो पहिल्यांदाच शेगडीपुढे बसला. दोन बाळ्या झाल्या, नाजूक, प्रत्येकीला तीन तीन दाणे. सराफाच्या गुलाबी कागदात त्याने त्या आपल्या पद्धतीने बांधल्या. घडी आडवी, मग उभी, आणि टोक आत खोवलेलं.

तिकीट एकाचंच परवडलं. सरवरी, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, तुमीच जा, माह्याच्यानं इमानात बसणं होत नाही. खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं. तिने त्याच्या बंडीला आतून एक चोरखिसा शिवून दिला, तोंडाशी बटण लावलेला, आणि पुडी स्वतःच्या हाताने त्यात ठेवली. वर जवसाच्या चटणीचा डबा दिला. बाळ्या हातात पडेपर्यंत आरजूला काही सांगायचं नाही, आणि तिच्या कानात घालताना फोनवर मला दाखवायचं, एवढं तिने दहा वेळा बजावलं.

आरजूने आपल्या कॉलेजजवळच एका छोट्या हॉटेलात खोली घेऊन ठेवली होती, कारण मुलींच्या वसतिगृहात बाप असला तरी पुरुषाला मज्जाव. पदवीचा कार्यक्रम तिसऱ्या दिवशी होता आणि तोवर तिचे कागदपत्रांचे खेटे चालू होते. तिने हात जोडून सांगितलं होतं, अब्बा, दुपारी मी येते, तोपर्यंत एकटे कुठी जाऊ नोका. पण ऐकेल तो बदरुद्दीन कसला? सकाळी हॉटेलातली झाडलोट करणारी बाई चहा घेऊन आली. पन्नाशीची, डोक्याला रुमाल बांधलेली, गुलनारा नावाची. तिने छातीवर हात ठेवून सलाम केला, याने वालेकुम सलाम म्हटलं, आणि एवढ्यानेच त्याला वाटलं, हे तर आपलंच गाव आहे. बिनदुधाचा चहा त्याने कसाबसा घशाखाली उतरवला. तासाभराने बाहेर पडला आणि वास हुंगत बाजारात पोचला.

बाजारातून परतताना त्याच्या पुढे चालणाऱ्या एका माणसाच्या खिशातून पिशवीत गुंडाळलेली नोटांची वळकटी पडली. बदरुद्दीनने हाक मारली, ओ भाई, तुमचे पैसे! तो काही थांबला नाही. तेवढ्यात बाजूने दुसरा एक आला, त्याने वळकटी उचलली, याच्याकडे बघून डोळा मारला आणि बोटांनी खूण केली की अर्धं अर्धं वाटून घेऊ. बदरुद्दीनचं डोकंच फिरलं. त्याने वळकटी त्याच्या हातातून हिसकली आणि पुढच्या माणसामागे पळत जाऊन ती त्याला दिली. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्या माणसाने नोटा मोजल्या, कपाळावर हात मारला आणि खुणेने सांगितलं की यातल्या निम्म्या गायब आहेत. मघाचा तो दुसरा जवळ येऊन बदरुद्दीनकडेच बोट दाखवू लागला. मग एक तिसरा उगवला, त्याने कसलंसं कार्ड नाचवलं आणि म्हणाला, पुलिस.

दुसरा कुणी असता तर आरडाओरडा केला असता, गर्दीत घुसला असता, निदान लेकीला फोन तरी लावला असता. बदरुद्दीनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी, आणि चोर? कुणी सांगायच्या आतच त्याने खिसे उलटे केले. सदरा झाला, पायजमा झाला. मोबाइल, रुमाल, थोड्या नोटा, सगळं रस्त्याकडेच्या बाकावर मांडलं. तरी तिघे बघतच होते, म्हणून त्याने सदरा वर केला, बटण काढलं आणि सरवरीने शिवलेला चोरखिसासुद्धा उलटा करून दाखवला. त्या खिशाचा तिघांना जन्मात पत्ता लागला नसता! त्यांनी पुडी उघडून पाहिली, आपसात काही बोलले, पुन्हा बांधली, सगळं सामान त्याच्या हातात कोंबलं, खांदा थोपटला आणि छातीवर हात ठेवून माफी मागितल्यासारखं केलं. बदरुद्दीनने त्यांना सलाम केला. आपली इमानदारी परदेशातही सिद्ध झाली, या ऐटीत तो दोनशे पावलं चालला.

मग त्याचा हात पुडीवर गेला. घडी आधी उभी होती, मग आडवी. त्याने कागद उघडला. आत काही नव्हतं.

तो परत पळाला, पण बाकावर कोण बसून राहणार होतं? हॉटेलात येऊन तो पलंगावर बसला आणि त्याला रडू फुटेना. सोनं गेल्याचं दुःख होतंच, पण शरमेने तो जास्त मेला होता. डोळ्यांत तेल घालून गुंजभर सोन्याचा हिशेब राखणारा कारागीर भर रस्त्यात स्वतःच्या हाताने बटण काढून दागिना देऊन आला. आणि वर सलाम करून आला. हे कुणाला कळलं तर? पेढीवर शेजारी बसणारा पुंजाजी हसून हसून लोळेल. आरजूला काय वाटेल, की आपला बाप इतका खुळा?

दुपारी आरजू आली ती उडतच आली. तिने आल्या आल्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि सरवरी पहिल्याच वाक्याला म्हणाली, "दिलं का हो तिले? डोये मिटाले लावा तिले."

आरजू बापाकडे बघू लागली. सगळं सांगून टाकायची तीच वेळ होती. पण बदरुद्दीनच्या तोंडून निघालं, "खोलीतच ठेवल्या होत्या बाळ्या. सकाळपासून दिसून नाही राह्यल्या."

एवढंच. त्याला वाटलं, हरवल्या म्हणायचं आणि विषय मिटवायचा. पण पोरीने बापाचं पडलेलं तोंड पाहिलं आणि ती पेटली. सहा वर्षं परक्या मुलखात एकटी राहिलेली मुलगी, ती काय गप्प बसणार? फोन बंद करून ती तरातरा खाली गेली, हॉटेलच्या मालकिणीशी रशियन भाषेत भांडली, आणि बदरुद्दीन "राहू दे बेटा, जाऊ दे" करत जिना उतरेपर्यंत गुलनाराला बोलावणं गेलंसुद्धा होतं.

ती आली. स्वयंपाकघरातल्या दोन बाया आणि वरच्या मजल्यावर झाडणारी एक, अशा तिघी दारात उभ्या राहिल्या. मालकीण काहीतरी कडक बोलली. आणि कुणी हात लावायच्या आत गुलनाराने आपल्या एप्रनचे खिसे स्वतःच उलटे केले. किल्ल्यांचा जुडगा निघाला, कंगवा निघाला, कागदात गुंडाळलेला पावाचा तुकडा निघाला, डोकेदुखीच्या गोळ्या निघाल्या. तिने ते सगळं टेबलावर ओळीने मांडलं आणि ती ताठ उभी राहिली. नजर कुणाकडेच नव्हती. बदरुद्दीनला ते उभं राहणं ओळखीचं वाटलं. दोन शब्द बोलायचे होते, आणि तेवढे तो बोलला नाही. तिची पिशवीही उघडली गेली, तरी तो बोलला नाही.

पिशवीतही काही निघालं नाही. मालकिणीने एक कागद पुढे सरकवला. आरजू म्हणाली, "अब्बा, इथं सही करा. तक्रार लिहून दिली की उद्यापासून हिले कामावर ठेवत नाही म्हणतात."

पेन हातात आलं. सोन्यावर केसाएवढी रेघ सरळ ओढणाऱ्या हाताने ते सही न करताच कागदावर ठेवून दिलं.

"तिनं नाही घेतलं," बदरुद्दीन म्हणाला. "रस्त्यावर तिघांनी फसवलं मले. म्याच काढून दाखवल्या त्यायले. तुले सांगाची लाज वाटली."

आरजूचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं खालच्या आवाजात विचारलं, "मंग आता हिले काय सांगू मी?"

"सांग, माहा बाप खोटं बोलला."

सहा वर्षं शिकलेल्या भाषेत आपली लेक काय काय बोलते, ते ऐकायची त्याला फार हौस होती. त्याने ऐकलेलं हे पहिलं धड वाक्य. गुलनाराने ऐकून घेतलं. तिने किल्ल्या उचलल्या, कंगवा उचलला, पाव उचलला, आणि मग मालकिणीकडे न बघता आरजूला काही म्हणाली. आरजू बोलायला तयार होईना. बदरुद्दीनने दोनदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ती म्हणते, मले तर कळलं. पण त्या तिघी दारातून आपल्या कामाले गेल्या. ज्यायनं माही झडती पाह्यली त्यायच्यासमोर सांगा."

बदरुद्दीनने मान खाली घातली. वीस वर्षांपूर्वी कानात माफी ऐकताना त्याला हेच हवं होतं आणि ते मागायची छाती त्याला झाली नव्हती. त्या तिघींना परत बोलावलं. त्याने तेच वाक्य आपल्या वऱ्हाडीत पुन्हा म्हटलं आणि आरजूने ते पुन्हा त्यांच्या भाषेत केलं. त्यातली एक हात पुसत निघून गेली.

पदवीच्या दिवशी आरजूने काळा झगा घातला, चौकोनी टोपी घातली, आणि कानात तेच प्लास्टिकचे टॉप्स. तिने बापाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले, सरवरीला फोनवर सगळं दाखवलं आणि अब्बांना बाजारात फसवलं हेही सरळ सांगून टाकलं. सरवरी एवढंच म्हणाली, जीव वाचला ना, मंग झालं. माफ करणारी माणसं घरात असली की शरम कमी होते असं कुणी म्हणत असेल, तर त्याने बदरुद्दीनला त्या दिवशी पाहायला हवं होतं.

निघायच्या सकाळी गुलनारा खोलीत आली. तिने चहा ठेवला, चादर बदलली, कचरा काढला. आज सलाम नव्हता, पण रागही दिसत नव्हता. बदरुद्दीनने जवसाच्या चटणीचा उरलेला डबा तिच्यापुढे धरला. तिने मान हलवली, नको. बादली उचलून ती दारापाशी गेली, तिथे थांबली, वळली, बादली खाली ठेवली आणि एप्रनचे दोन्ही खिसे त्याच्यासमोर उलटे करून दाखवले.

"नोको बाई," बदरुद्दीन म्हणाला. "नोको, तुमच्या पाया पडतो."

आरजू अजून यायची होती, त्यामुळे त्याचं बोलणं या बाईला समजावून सांगायला कुणी नव्हतं. गुलनारा क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने खिसे आत सारले, बादली उचलली आणि ती पुढच्या खोलीकडे गेली.