जामखेडचा समुद्र

एक डोळा मिटायचा, ब्रश आडवा धरायचा, पडद्यापासून चार पावलं मागं यायचं आणि कुणी विचारलेलं नसताना सांगायचं, "पानीच ते, बाई. लई झालं की समुद्र."

आमच्या शेजारच्या पेंटरांचं समुद्राविषयीचं ज्ञान एवढंच. तेवढ्यावर त्यांनी वीस-बावीस वर्षं आमच्या शाळेच्या गॅदरिंगला समुद्र पुरवला.

जामखेडला समुद्र कशाला, असं तुम्ही विचाराल. कोळीनृत्याला. तुमच्याही गावच्या शाळेत ते होत असणारच. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आला की हंड्यांची रांग लागते. पण गॅदरिंगला सातवीच्या मुली टोपल्या घेऊन, जन्मात न चाखलेलं पापलेट ठसक्यात विकतात. मागं समुद्र नको?

पेंटरांना नाव होतं, पण ते रेशनकार्डापुरतं. एके काळी बाजारपेठेतले निम्मे बोर्ड त्यांच्या हातचे. मग फ्लेक्स आला. तासाभरात बोर्ड तयार, वर मालकाचा हसरा फोटो. पेंटरांनी फ्लेक्सला कधी नावं ठेवली नाहीत. "चांगला हाय की," म्हणायचे, "त्याला जेवायला लागत न्हाई, एवढंच." बायको आधीच गेलेली, मुलगी नेवाशाला दिलेली. उरला होता तो आमच्या शाळेचा पडदा.

त्यांच्या समुद्रात एकच खोट होती. पलीकडच्या काठावर ते डोंगर काढायचे, डोंगराखाली बाभळ आणि बाभळीखाली शेळी. मी भूगोल शिकवायचे. अरबी समुद्रापलीकडची ती शेळी मला सहन होईना.

"पेंटर, समुद्राचा पलीकडचा काठ दिसत नसतो."

"दिसत न्हाई म्हंजे? मग पानी थांबतं कुठं?"

"फार लांब. आफ्रिकेला."

"मंग हाय की काठ! आफ्रिकेत शेळ्या न्हाईत का?"

तीस वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्यानं मला असं गप्प केलं नव्हतं.

एका वर्षी शाळेची सहल कोकणात निघाली, तेव्हा मी मुख्याध्यापकांच्या मागं लागून पेंटरांना बसमध्ये बसवलं. बिचाऱ्यांना समुद्र दाखवू, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांना एकदाचं खोटं पाडायचं होतं.

बंदराच्या गावी उतरलो. मुलं ओरडत पाण्याकडे पळाली. पेंटर चपला हातात घेऊन उभे राहिले. त्यांनी डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवली, मग उजवीकडून डावीकडे. आणि वाळूत मटकन बसले.

"खरं हाय, बाई. न्हाईच काठ." मग म्हणाले, "येवढी वर्सं मी पोरींना तळ्याकाठी नाचवलं."

मी जिंकले होते. पण साठी उलटलेला तो माणूस पाण्याकडे पाठ करून बसला, तेव्हा मला त्या जिंकण्याचं काय करावं ते कळेना.

आमचा मुक्काम ज्या आळीत होता, तिथं जो तो कलावंत. समोरच्या काकू शिंपल्यांची देवळं करायच्या, त्यांचे दीर करवंटीतून माकडं कोरायचे, आणि शेजारचे अण्णा चित्रं काढायचे. अण्णांच्या ओटीवर दहा-बारा चित्रं टांगलेली. बर्फाचे डोंगर, बर्फातली घरं, बर्फातलं हरीण. समुद्राचं एकही नाही.

"समुद्र का न्हाई काढला?" पेंटरांनी विचारलं.

"तो काय काढायचा? दार उघडलं की आहेच."

"मग बर्फ पाह्यलाय?"

"छे! पाहिला असता तर काढला असता होय?"

पेंटर त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

अण्णांचा खरा धंदा होड्यांवर नावं रंगवण्याचा. खाऱ्या पाण्यात फ्लेक्स टिकत नाही, तिथं ब्रशच लागतो. पण अण्णांचा हात आता थरथरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर ते 'जलकन्या' लिहीत होते. 'जलक' झालं आणि हात अडला. दोनदा ब्रश टेकवला, दोनदा पुसला. होडीचा मालक बाजूला उभा राहून मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

पेंटर पुढे झाले. "अण्णा, माझा हात लई दिवस रिकामा हाय. द्या की जरा."

एका दमात 'न्या' उतरला. मालकानं तो निरखला. "ह्याचं वळण वेगळं दिसतंय."

"देशावरचं आहे," अण्णा म्हणाले, जणू त्यांनीच ते मागवलं होतं.

त्या वर्षी गॅदरिंगला शाळेनं एलईडी स्क्रीन आणला. समुद्र हलत होता, लाटांचा आवाज येत होता, पलीकडे काठ नव्हता. भूगोलाच्या दृष्टीनं निर्दोष. पेंटरांना शाल-नारळ दिला, पहिल्या रांगेत बसवलं. माणसाला कामावरून कमी करायची आमच्याकडची ही सभ्य रीत आहे.

कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याजवळ आले. "बाई, आता बरोबर हाय ना समुद्र?"

"हो."

"मग झालं तर."

त्यानंतर कित्येक दिवस मला त्यांच्या दारावरून मान वर करून जाता आलं नाही.

आषाढात अण्णांचा मला फोन आला. "तुमच्या त्या पेंटरांना आठ दिवस पाठवा. हंगामाआधी होड्या रंगवायच्यात, मला झेपत नाही."

मी निरोप दिला. पेंटर हातातला ब्रश पुसत राहिले. "तिथं नजर टेकवायची कुठं, बाई?"

"होडीवर," मी म्हणाले.

ते गेले. आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष. गल्लीत कुणी म्हणालं, त्यांनी तिकडे लग्न केलं. कुणी त्यांना बुडवूनही टाकलं. नेवाशाची मुलगी चिडून त्यांना आणायला गेली आणि पिशवीभर सुकट घेऊन परतली. ती कशी करायची, हे तिच्या माळकरी सासूला विचारायची सोय नव्हती.

मी निवृत्त झाल्यावर श्रावणात तिकडे गेले. पेंटर वाळूत बसून एका होडीवर लिहीत होते. शेजारी स्टुलावर अण्णा रंग कालवत होते आणि चुका काढत होते. येणारे-जाणारे त्यांना 'जामखेडकर' म्हणत होते. हे नाव त्यांना जामखेडात कुणी दिलं नसतं.

"पेंटर, तेव्हा मी उगाच तुम्हाला…"

"न्हाई बाई. तुमी दावला म्हनून दिसला."

"घरी कधी येणार?"

"बोटी सपू द्या की," ते म्हणाले. किनाऱ्यावर तर होड्यांची रांगच लागली होती.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. रंग वाळलेल्या होड्या एकेक करून पाण्यात जात होत्या. 'सोनसळी' नावाची होडी निघाली, तसा पेंटरांनी ब्रश खाली ठेवला आणि उठून पार पाण्यापाशी गेले. मीही गेले. होडीच्या मागच्या बाजूवर त्यांची पिवळी अक्षरं होती. ती लहान होत गेली.

"'ळी' गेला," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "'स' गेला, 'न' बी गेला. 'सो' हाय अजून."

मला तर कधीचंच काही दिसत नव्हतं. ते मात्र कपाळावर हात आडवा धरून, पाण्यात पाय रोवून वाचत उभे होते.