कान कापलेला आवाज

कंपनीच्या साहेबानं मोबाइल माइकला लावला आन् माझ्या मायचा आवाज भल्यामोठ्या हॉलमधी घुमला.

"मेंढी लंगडून राहिली का? खूर उचलून पाय. चिरीत वास येऊन राहिला का? मंग तिला कळपातून येगळी काढ. हाड! हाड! तिचं पिल्लूबी येगळं काढ."

समोरच्या खुर्च्या हसल्या. पोट धरधरून हसल्या. हिंगोलीतले दुकानदार, औषधवाले, पांढऱ्या शर्टातले लोक. साहेबानं हात वर केला आन् सवता हसत हसत बोलला, "घाबरू नका. ही जुनी आवृत्ती. हा आवाज आम्ही काढून टाकलाय."

माझी माय तिसऱ्या रांगेत बसली व्हती. नवं लुगडं नेसून आली व्हती. पहिल्यांदा तीबी हसली. आपला आवाज ऐकून लोक खूष झाले, असं वाटलं तिला. मंग बाजूच्या बाईनं तिच्याकडं वळून पाहिलं, नाकाला रुमाल लावला, आन् मायला कळलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मी स्टेजच्या कडेला उभी. अंगावर कंपनीची शाल, हातात कंपनीचा नारळ. मला माइकवर एकच वाक्य बोलायचं व्हतं. "आमचा ह्या कंपनीवर विश्वास हाय." त्या एका वाक्यासाठी मंगल कार्यालय घेतलं व्हतं, जेवणाची पंगत व्हती, बाहेर कमान व्हती.

आमी मेंढरंवाले. घर साखरा गावाच्या अंगाला, पण घरात कमी आन् पालावर जास्ती. दिवाळी झाली की कळप घेऊन पूर्णेकडं उतरायचं, सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या वावरांमधी. मी कळपामागं चालत चालतच शिकले, हिंगोलीत कॉम्प्युटरची डिग्री घेतली. एका पावसाळ्यात खुराच्या रोगानं निम्मा कळप लंगडा झाला. डॉक्टर मोबाइलवर लिहून पाठवायचा, आन् मी कॉलेजात, कळपापाशी वाचणारं कोणी न्हाई. मेंढरं मेली. तवा मी बोलणारं अॅप बनवायला घेतलं. हट्टा गावचा बालाजी माझ्या वर्गातला, तो जोडीला आला. मंग ज्यांचं तोंडबी कधी पाहिलं न्हाई असे कुठकुठले लोक आले. कोणी चूक दुरुस्त करायचं, कोणी कानडी धनगरांसाठी आवाज भरायचं.

हे सगळं ओपन सोर्स. म्हणजे आतलं लिखाण उघडं. कोणीबी घ्या, वापरा, धंदा करा. अटी दोनच. ज्यांनी बनवलं त्यांची नावं पुसायची न्हाईत. आन् तुमी त्यात जे बदलाल, तेबी असंच उघडं ठेवायचं. कुंपण न्हाई, पण बांध हाय.

मराठी आवाज मायचा. रेकॉर्डिंग चालू असताना कुत्र्यानं भाकरीच्या टोपल्यात तोंड घातलं, आन् मायनं बोलता बोलताच त्याला हाकललं. "हाड! हाड!" मी ते कापायला बसले तर बालाजी म्हणला, "राहू दे ना. लोकायला आपलं वाटंल." राहिलं. पालापालावर मेंढरंवाले ते ऐकून हसायचे. पण ते हसणं येगळं व्हतं.

आवाजाखाली मी नाव लिहिलं. सोजरबाई. मायचं नाव तोवर कशावरच नव्हतं. जमीन न्हाई म्हणून सातबाऱ्यावर न्हाई, घर बाच्या नावावर. मी तिचं बोट धरून पडद्यावर ठेवलं, म्हणलं, ही तू. ती लई वेळ पाहत राहिली. मंग म्हणली, "मिटायचं तर न्हाई ना गं?" मी म्हणलं, कसं मिटंल? अटच हाय तशी.

मंग कंपनी आली. पुण्याची. साहेब गाडी घेऊन थेट पालावर. "आम्हाला कम्युनिटीचा विश्वास कमवायचाय," म्हणला.

आमच्यात विश्वासाची एक रीत हाय. ज्याला खतासाठी आपल्या वावरात मेंढरं बसवायची, तो शेतकरी आधी पालावर येतो. आमच्या तांब्यातलं पाणी पितो, भाकरीचा तुकडा मोडतो. सही न्हाई का कागद न्हाई. पाणी पेला की कळप त्याच्या वावरात. आमचं मेंढरू त्याच्या पिकाला तोंड लावत न्हाई, आन् तो आमचं मेंढरू लपवत न्हाई. मायनं साहेबापुढं तांब्या धरला. साहेबानं पिशवीतून बंद बाटली काढली. "सॉरी हं, मला बाहेरचं पाणी चालत नाही." मायचा हात तसाच राहिला. मंग तिनं ते पाणी कोकराला पाजलं.

गाडी गेल्यावर बा म्हणला, "ह्यो मेंढरं बसवाया न्हाई आला. न्यायला आला."

बालाजी चिडला. "बाबा, बाटलीवरून मानूस वळखता का तुमी?"

बा उठून कळपाकडं गेला. आमी सगळ्यांनी मिळून ठरवलं, घेऊ द्या, आपली अट तर हाय.

त्यांनी घेतलं आन् आपलं म्हणून बाजारात आणलं. नावं गायब. बालाजीचं, माझं, मायचं, सगळ्यांची. आतलं लिखाण कुलपात. वर फक्त कंपनीचं नाव, सोनेरी. आयत्या बिळावर नागोबा! मी लिहिलं, जाब इचारला. उत्तर आलं, "आपल्या योगदानाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत." कृतज्ञ म्हणे. आग लागो त्या कृतज्ञतेला.

पण ही गोष्ट ओपन सोर्सवाल्यांमधी फिरली. ज्यांच्या मदतीवर कंपनीचं बाकीचं काम चालायचं, त्यांनी हात आखडते घेतले. म्हणले, बनवणाऱ्यांचा तुमच्यावर विश्वास हाय हे आधी त्यांच्याच तोंडून ऐकवा, मंग बघू. तवा कंपनीला आमची आठवण झाली. तवा हिंगोलीत 'विश्वास मेळावा' भरला. साहेबाचा फोन आला, "गैरसमज झालाय. स्टेजवरून सगळ्यांची नावं घेऊ, तुझ्या आईचं सुद्धा." म्हणून मी गेले. माय लुगडं नेसली ते नाव ऐकायला.

दारातच गार्डनं बाच्या खांद्यावरचं घोंगडं ओढलं. "ए, हे बाहेर ठेव. वास मारतंय." बानं घोंगडं काढलं न्हाई. खुर्चीवर बसलाबी न्हाई. हॉलच्या मागच्या भिंतीला मेंढरंवाले उभे व्हते, फोटोसाठी कंपनीनंच जेवण दाखवून आणलेले. त्यांना खुर्च्या नव्हत्या. बा त्यांच्यात जाऊन काठीला टेकला.

आन् आता मी स्टेजवर, मायच्या तोंडात पदर, आन् साहेब म्हणून राहिला, "आता ऐका नवा आवाज."

एक गोड, धुतलेला आवाज आला. शहरातल्या बाईचा. "मेंढी लंगडत आहे का? खूर उचलून पाहा. वास येत असल्यास तिला कळपातून वेगळी काढा. हाड, हाड. तिचं पिल्लूही वेगळं काढा."

मागून एक जण खिंकाळला. मंग सगळे. भिंत गदागदा हलली हसण्यानं. "आरं, पन कुत्रं कुठाय?" कोणीतरी ओरडलं. साहेबाला काई कळंना. त्याला वाटत व्हतं, हाड हाड हा उपचाराचाच भाग हाय. मायचा शब्दन् शब्द उचलला व्हता यानं. फक्त माय तेवढी काढून टाकली.

मला हसू आलं न्हाई. माझं टाळकं पेटलं. मी माइक घेतला.

"साहेब, मायचं नाव कुठाय?"

त्यानं माइकवर तळवा ठेवला. समोर बघून हसत राहिला आन् दात न उघडता बोलला, "मेंढ्या वळणाऱ्या बाईचं नाव लावून हे कोण विकत घेईल? पुण्यात नोकरी देतो तुला. वाक्य बोल आणि खाली उतर."

मी त्याचा हात झटकला.

आमच्यात हरेक घराची मेंढराच्या कानाला खूण असती. कोणाची टोकाला चीर, कोणाला भोक. चोर मेंढरू चोरतो तवा पहिल्यांदा काय करतो? कान कापतो. खुणेसकट. आन् ज्याच्या कळपात ताजा कापलेला कान सापडला, त्याच्या घरचं पाणी बंद, त्याची सोयरीक बंद.

मी माइकमधी बोंबलले, "ह्यानं कान कापलाय! माझ्या मायच्या आवाजाचा कान कापलाय ह्यानं! कुत्र्याला हाकललेलं तेवढं कापायचं इसरला!"

मागचं हसू थांबलं. काठ्या फरशीवर आपटल्या. साहेबानं माझा दंड पिरगाळला, "मूर्ख मुली, बंद कर हे!" मी दुसऱ्या हातानं नारळ हाणला. त्याला न्हाई. त्याच्या मागं भिंतीएवढा टीव्ही व्हता, त्याला. काच फुटली. कंपनीचं सोनेरी नाव काळं पडलं. साहेबानं माझ्या थोबाडीत मारली. ओठ फाटला, रक्त शालीवर सांडलं. गार्डनं केस धरून मला पायऱ्यांवरून खाली ओढलं. बा खुर्च्या तुडवत आला आन् गार्डच्या मनगटावर काठी घातली. गार्डनं बाला लाथ घातली. बा पडला, पागोटं पायाखाली गेलं. मंग कोणी कोणाचं ऐकलं न्हाई. खुर्च्या उडाल्या, पराती उलट्या झाल्या, वरणात माणसं घसरली. साहेब टेबलाखाली गेला. मेंढरंवाल्यांनी त्याला पाय धरून बाहेर ओढला.

आन् माय स्टेजवर चढली. पडलेला माइक उचलला. पदराचा बोळा तोंडातून काढला.

"मी सोजरबाई. ह्यो आवाज माहा हाय. हासा आता."

कोणी हसलं न्हाई.

पोलिसांनी आमालाच ठाण्यात बसवून ठेवलं. साहेबाला चहा, आमाला फरशी. चोर तो चोर, वर शिरजोर. बालाजी हट्ट्याहून धावत आला, माझा ओठ पाहून त्याचेच डोळे भरले. म्हणला, "चुकलो आपण. आता सगळं कुलपात ठेवू. कोनालाच द्यायचं न्हाई."

मी म्हणलं, "काहून? ह्या चोरापायी पालावरच्या लोकांचं तोंड बंद करायचं?"

बा कोपऱ्यात पागोटं बांधून राहिला व्हता. म्हणला, "चोर हायत म्हनून मेंढरं घरात कोंडत न्हाईत. मरतेत."

आमचं अॅप आजबी उघडं हाय. कंपन्या येतात. येऊ द्या. धंदा करा, पोटं भरा, आमची ना न्हाई. पण आधी पालावर यायचं. सगळ्यांदेखत मायच्या हातचं पाणी प्यायचं. नावं हायत तशी ठेवायची. बदललं ते उघडं ठेवायचं. मंग आमी तुमच्यासाठी ऊन पाहणार न्हाई का पाऊस. एक कंपनी अशी आली, पाणी पेली, मायचं नाव वर ठेवलं. तिच्यासाठी बालाजी आजबी राबून राहिला.

पुण्याच्या साहेबानं नाव लावलं न्हाई. सलोखा करू म्हणून माणसं धाडतो. एकजण म्हणला, "ताई, झालं गेलं सोडा, विश्वास ठेवा." मी त्याला माझा ओठ दाखवला. वण हाय अजून, मी झाकत न्हाई.

सांगून ठेवते. त्या दिवशी माझ्या हातात नारळ व्हता आन् समोर साहेबाचं डोकं व्हतं, तरी मी टीव्ही फोडला. मायचं नाव लागेस्तोवर मी त्याच्या दारात जाणार, परत परत जाणार. आन् टीव्ही आता फुटून झाला.