धुतलेले बांबू

माझी मुलगी ज्या बांबूंना धरून पहिल्यांदा उभी राहिली, ते बांबू माझ्या डोळ्यांदेखत धुतले गेले.

वाशीमच्या एका धर्मशाळेचा हॉल. कमरेइतक्या उंचीवर आडवे बांधलेले दोन बांबू. पोलिओने ज्या लेकरांचे पाय गेले, त्यांनी ते धरायचे आणि मधून एकेक पाऊल टाकायचं. मोलकरणीने बादली आणली. फडका पिळून बांबू या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसले, वरून तांब्याने पाणी ओतलं. माझी सुजाता भिंतीला टेकून बसली होती. आठ वर्षांची पोर. तिला सगळं कळत होतं.

व्यायाम शिकवणाऱ्या ताई कोपऱ्यात हात धूत होत्या. साबण लावून, कोपरापर्यंत.

हे कसं घडलं ते सांगतो. सांगताना स्वतःला वाचवणार नाही.

मी आसेगावकडच्या शाळेत मास्तर. आमच्या घराने छप्पन साली धम्म स्वीकारला. सुजाता लहान असताना तिला ताप आला. ताप उतरला आणि जाताना डावा पाय घेऊन गेला. पाय काडीसारखा झाला. गुडघा वाकत चालला, टाच जमिनीला टेकेना. कोणी म्हणालं, गरम वाळूत पुरा. कोणी म्हणालं, कबुतराच्या रक्ताने चोळा. आम्ही सगळं केलं. पोर रांगतच राहिली.

मग कळलं, वाशीमला एका वकिलांच्या पत्नी, याच त्या ताई, नागपुरात शिकून आल्या आहेत. दर मंगळवारी धर्मशाळेत अशा लेकरांकडून व्यायाम करून घेतात. फुकट. त्यांच्याबरोबर चांगल्या घरच्या आणखी काही बायका असतात.

दारातच आडनाव विचारलं. मी आमच्या गावच्या पाटलाचं आडनाव सांगितलं. चुकून तोंडातून गेलं असं म्हणणार नाही. एसटीत बसतानाच ठरवलं होतं. पोरीलाही पढवून आणलं होतं. तिथं जयभीम म्हणायचं नाही, नमस्कार म्हणायचं. शाळेत मी मुलांना खरं बोलायला शिकवत होतो. बाबासाहेबांचा फोटो स्वतःच्या हाताने वर्गात लावला होता.

बायको सोबत आली नाही. तिने मला एवढंच विचारलं, "एक पाय चालता करासाठी तिच्या जिभीले कायले लंगडी करून राह्यले तुमी?"

मला पाय पाहिजे होता.

आणि ताईंच्या हाताला गुण होता, हे नाकारणार नाही. त्या सुजाताची टाच तळहातात धरायच्या, पंजा हळूहळू वर दाबायच्या. ऊन पाण्यात पिळलेलं लोकरीचं कापड मांडीवर ठेवायच्या, मग गुडघा सरळ करायच्या. पोर ओरडायची. ताई तिच्या कपाळावरचा घाम आपल्या पदराने पुसायच्या. तो पदर बघून माझ्या मनात यायचं, हे आपल्या पोरीसाठी नाही. हे पाटलाच्या पोरीसाठी आहे. तरी मी गप्प बसायचो. महिन्यामागून महिने गप्प बसलो.

पाय सुधारत गेला. एका मंगळवारी टाच टेकली. ताईंनी काखेत हात घालून तिला बांबूंमध्ये उभं केलं. मग हात सैल केला. सुजाता उभी राहिली. स्वतःच्या पायांवर.

आमच्या घरी रीत आहे. कोणी काही चांगलं केलं, हातावर काही ठेवलं, की लेकरं हात जोडून जयभीम म्हणतात. बोलायला लागल्यापासूनची सवय. पोर एवढी हरखली की मी पढवलेलं सारं विसरली. एका हाताने बांबू धरला, दुसरा कपाळाशी नेला.

"ताई, जयभीम."

ताईंचा हात तिच्या पाठीमागे होता. तो मागे गेला. पोर मटकन खाली बसली.

ताई रागावल्या नाहीत. आवाजसुद्धा चढवला नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गुरुजी, आधी सांगायचं होतं." मग समजावणीच्या सुरात बरंच बोलल्या. त्यांचं स्वतःचं काही नाही, पण बाकीच्या आया ऐकायच्या नाहीत. पुढच्या वेळेपासून आम्ही ओसरीवर बसावं. त्या आतून दुसऱ्या लेकरावर करून दाखवतील, मी बाहेर बघून माझ्या हाताने करावं. एवढं बोलून त्यांनी मोलकरणीला बादली आणायला सांगितली.

मी "बरं, ताई" म्हणालो. हात जोडून म्हणालो. बांबू धुतले जात होते आणि मी मान हलवत होतो.

सुजाताने माझा सदरा ओढला. "बाबा, माह्यं काय चुकलं?"

तिने ताईंना विचारलं नाही. मला विचारलं.

मी खाली बसलो. म्हणालो, "तुह्यं काही नाही चुकलं, माय. माह्यं चुकलं."

तिला उचललं. ओसरीकडे गेलो नाही. ओल्या बांबूंमध्ये नेऊन उभं केलं आणि हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "हे सुजाता. आडनाव म्या खोटं सांगतलं होतं. आमी बौद्ध आहो. मले लाज खोट्याची आहे, आडनावाची नाही."

आयांनी आपापली लेकरं उचलली. सुजाताने पाऊल टाकलं. बांबू ओला, हात घसरला. गुडघ्यावर पडली. कोणी धावलं नाही. ती पुन्हा धरून उठली आणि दुसऱ्या टोकापर्यंत गेली. ताई म्हणाल्या, "हट्ट तुमचा, गुरुजी. नुकसान पोरीचं."

पुढच्या मंगळवारी धर्मशाळेला कुलूप होतं.

पायरीवर एक बाई बसली होती. ही किन्हीराजाहून लेकरू पाठीशी बांधून आणायची. लेकरू मांडीवर, दोन्ही पाय लोंबत. मला बघून म्हणाली, "मास्तर, तुमच्या एका जयभीमपायी आमच्या लेकरायचं बंद झालं."

कुलूप मी लावलं नव्हतं. पण त्या लेकराचे पाय त्या दिवसापासून कोणी ताणले नाहीत, तेही तेवढंच खरं. खोटं बोललो नसतो तर पहिल्याच दिवशी हाकलले गेलो असतो आणि तिचं लेकरू कदाचित चाललं असतं. हा हिशेब मी पुष्कळदा मांडला. सुटत नाही.

सुजाताची टाच आम्ही घरी ताणतो. तिची आई धरते, मी दाबतो. जमेल तेवढं होतं. गुडघा पुन्हा थोडा वाकला आहे.

आता दर मंगळवारी मी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात जातो. डॉक्टर म्हणतात, इथं तशी सोय नाही, नागपूरला न्या. मी बाकावरून उठत नाही. किन्हीराजाच्या बाईला निरोप धाडला, लेकरू घेऊन या. ती आली नाही. नावं लिहून घेताना तिच्या लेकराचं नाव मी तरीही सांगतो, सुजाताच्या नावाआधी सांगतो. शिपाई हसतो. म्हणतो, "मास्तर, काहून येता? दर मंगळवारी तुमचं तेच."

तेच राहील. त्यांना सोय करावी लागेल तोवर तेच राहील. आणि ज्या दिवशी तिच्या पायाला लावायला कोणी हात पुढे करील, त्याला मी आधी आमचं आडनाव सांगीन. ऐकून तो हात मागे गेला, तर मी तो तिथंच धरीन. सोडणार नाही.