ओपलचा बसमार्ग आणि आभाळातली बदकं

ओपल हॅझलिपने तीस वर्षं शाळेची बस चालवली. त्या तीस वर्षांत तिने एकही पोर थांब्यावर विसरलं नाही, भोंगा उगाच वाजवला नाही आणि नवऱ्याने मारून आणलेल्या बदकाला कधी हात लावला नाही. "मारलीस तू, सोल तू," असं तिने लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात रॉइसला बजावलं होतं. तेव्हापासून रॉइस मागच्या दारच्या बाकावर बसून मुकाट्याने पिसं उपटत आला होता. शिजवायला मात्र तिची ना नव्हती, आणि खायलाही नव्हती.

मिसूरीच्या त्या सखल भागात नोव्हेंबर आला की माणसं दोन प्रकारची उरतात, बदकांमागे जाणारी आणि त्यांची वाट बघत बसणारी. रॉइस पहिल्यांपैकी होता. गावाबाहेरच्या सरकारी राखीव पाणथळीत त्याच्यासारखी पिपाणी वाजवणारा कुणी नव्हता. लाकडाची ती बोटभर पिपाणी तोंडाला लावून तो दोन हाका घालायचा आणि निघून चाललेला थवा, काहीतरी विसरल्यासारखा, मागे फिरायचा. घरात बायकोला एका हाकेत बोलावणं त्याला कधी जमलं नाही, ते सोडा.

मग दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांच्या मधोमध धुकं आलं. कडेचं थोडंफार दिसे, पण ज्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं होई. डॉक्टरांनी सांगितलं की हे आता असंच राहील. रॉइस खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आणि तिथेच बसून राहिला. ग्रेव्ही नावाची त्यांची तपकिरी कुत्री त्याच्या रबरी बुटांवर हनुवटी टेकून मागच्या दाराशी पडून असायची. उत्तरेचा वारा सुटला, घरावरून थवे ओरडत जाऊ लागले, की ग्रेव्ही छताकडे बघायची आणि रॉइस टीव्हीचा आवाज वाढवायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात रॉइसने पुतण्याला, कीथला, फोन करून सांगून टाकलं. हंगाम सुरू झाला की पहिल्या रविवारी ट्रक घेऊन ये. बंदूक, पिपाणी, थव्याला भुलवायची प्लास्टिकची बदकं, बूट, सगळं घेऊन जा. ओपल स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला नाही. दुसऱ्या दिवशी ती गावातल्या शिकारी शिक्षणाच्या वर्गात नाव घालून आली.

तिच्या वयाला त्या वर्गाची सक्ती नव्हती. पण न शिकता हत्यार उचलायचं हे तिला पटणारं नव्हतं. वर्गात बाकी सगळी तिच्याच बसमधली पोरं. इतकी वर्षं ज्यांना ती "खाली बस" म्हणायची, त्यांच्या शेजारी ती खाली बसली. शिकवणाराही कधीकाळी तिच्याच बसमधून गेलेला. प्रश्न विचारायच्या आधी तो सवयीने हात वर करायचा. नेम शिकवला तो लायल टिबेट्सने, रॉइसच्या पाणथळीतल्या जुन्या सोबत्याने. लायलच्या शेतात ती मातीच्या उडत्या चकत्या फोडायला शिकली आणि घरी येऊन मंडईत फार गर्दी होती असं सांगू लागली. लायलचं मत असं पडलं की हिचा नेम चांगला आहे, पण घाई वाईट आहे.

हंगामाच्या पहिल्या शुक्रवारी तिने जेवताना सगळं सांगून टाकलं.

"उद्या आपण जातोय," ती म्हणाली. "बंदूक मी चालवते. पिपाणी तू वाजव."

रॉइसने काटा खाली ठेवला. "पिपाणी वाजवायला डोळे लागतात, ओपल. पाखरू पाठ फिरवतं तेव्हा बोलवायचं, तोंड वळवतं तेव्हा गप्प बसायचं. न बघता वाजवणं म्हणजे भिंतीशी गप्पा मारणं."

"मग मी बघते ना. माझे दोन्ही शाबूत आहेत."

खूप वेळ तो ताटात चाचपत राहिला. शेवटी म्हणाला, एकच सकाळ. फजिती झाली तर रविवारी कीथ सगळं घेऊन जाईल आणि या घरात बदक हा शब्द परत काढायचा नाही. ओपलने कबूल केलं.

पाणथळीच्या कचेरीपुढे पहाटेच्या काळोखात रांग लागली होती. तिथली रीत साधी. काचेच्या बरणीत आकडे घातलेल्या लाकडी गोळ्या असतात, ज्याने त्याने एक उचलायची. लहान आकडा निघाला की भिंतीवरच्या नकाशातून आधी जागा निवडायची. मोठा निघाला की उरलेलं चाटायचं. ओपल रांगेत शिरली तशी पुढच्या चारपाच दाढीवाल्या गड्यांनी टोप्या काढल्या, "मिस ओपल" म्हणून मान लववली आणि रांग आपोआप सरळ झाली.

रॉइसशी मात्र सगळे मोठ्याने बोलत होते, जणू त्याचे कान गेले होते. एकाने तर त्याच्या देखत ओपलला विचारलं, "कसे आहेत आता?" रॉइसचा जबडा आवळलेला तिला दिसला. तिने बरणीत हात घातला आणि जवळजवळ सगळ्यांत मोठा आकडा काढला. हशा कुणी केला नाही, तेच जास्त लागलं. लायलची गोळी चांगली निघाली होती. नियमाप्रमाणे एका जागेवर चौघं चालतात, तुम्ही माझ्याकडे या, असं तो म्हणाला.

"कुणाच्या मांडीवर बसून शिकार करायची वेळ आली नाही अजून," रॉइस म्हणाला.

खरं तर आली होती. नकाशावर उरला होता रस्त्याकडेचा कोपरा. तिकडे बदकं रस्ता चुकली तरच जातात अशी त्याची ख्याती. पदरी पडलं पवित्र झालं म्हणत तिने त्यावर बोट ठेवलं.

छातीपर्यंतचे रबरी बूट चढवून दोघं पाण्यात उतरली. रॉइसने तिच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरला होता. खड्डा आला की ती "पायरी" म्हणायची, बसमधल्या बालवाडीच्या पोरांना म्हणायची तसंच. प्लास्टिकची बदकं तिने पाण्यावर मांडली. दोऱ्यांचा गुंता सोडवता सोडवता बोटं बधिर झाली. मग दोघं उंच गवतात टेकली, मध्ये ग्रेव्ही. कुत्रीचं अंग आनंदाने असं कापत होतं की पाण्यावर बारीक वलयं उठत होती.

उजाडलं. बंदुका चालवायची वेळ झाली तसे लांबून बार ऐकू येऊ लागले. आणि ओपलला समोर पाण्यावर काळं काळं हलताना दिसलं.

"आली," ती कुजबुजली. "पोहत येतायत. ढीगभर आहेत."

रॉइसने पिपाणी वर धरली, क्षणभर थांबला आणि वाजवू लागला. दोन वर्षांनी वाजवत होता, पण काय वाजवलं. आर्जवं केली, लाडीगोडी लावली, खाणं भरपूर असल्याची खोटी आमिषं दाखवली. ती काळी जमात माना हलवत आपली होती तिथेच फिरत राहिली. पाण्यापलीकडच्या गवतात कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

रॉइस थांबला. "चोच कशी आहे गं?"

"पांढरी."

"ओपल," तो सावकाश म्हणाला, "मी इतका वेळ पाणकोंबड्यांची मनधरणी करतोय."

पलीकडचा माणूस आता उघडच हसत सुटला. ते हसणं लायलचं होतं. चांगली गोळी निघूनही त्याने या भिकार कोपऱ्यासमोरची जागा घेतली होती, हे दोघांना तेव्हा कळलं. ओपलच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. झाली फजिती, गेली पिपाणी, आता रविवारी कीथचा ट्रक, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात शेजारी काहीतरी हललं. रॉइस हसत होता. दोन वर्षांत घरात न ऐकलेलं ते हसू ऐकून ओपलला रडूच आलं, आणि ते लपवायची गरज नव्हती.

पण हसणं म्हणजे शिकार नव्हे. थोड्या वेळाने खरी बदकं आली तेव्हा ती "ते बघ, तिकडे, नाही, तिकडे" करत बोट नाचवत राहिली. रॉइसने नको तेव्हा पिपाणी वाजवली आणि थवा बिचकून गेला. दुसराही तसाच गेला. रॉइसने पिपाणी खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

"चल," तो म्हणाला. "मजा आली. झालं एवढं पुरे."

तेव्हा ओपलचा तो आवाज निघाला जो ऐकून बसमधली शेवटची बाकंसुद्धा चिडीचूप व्हायची.

"बटण काढ. आणि ऐक. आपण शाळेच्या दारात उभे आहोत. समोर फुटबॉलचं मैदान. डाव्या हाताला चर्च. उजवीकडे हिंकलचा गोठा. पाठीमागे रेल्वेचं फाटक. समजलं?"

तीस वर्षं तिने रात्रीच्या जेवणाबरोबर त्याला आपला मार्ग वाढला होता. हिंकलच्या गोठ्यापाशी कुणी उशीर केला, फाटकाशी कुणाला उलटी झाली. त्यातलं आपण काही ऐकत नाही असा रॉइसचाही समज होता. पण त्याचा चेहरा बदलला. मान आपोआप उजवीकडे, हिंकलच्या गोठ्याकडे वळली. त्याने बटण काढलं.

बराच वेळ आभाळ रिकामं होतं. मग ती ओठ न हलवता बोलू लागली.

"गोठ्यावर पाच. उंच आहेत. मैदानावरून चर्चकडे निघाली. शेपट्या दिसतायत."

रॉइसने हाक घातली. लांब, उतरती.

"वळली. फाटकाकडे जातायत, मागून. खाली आली. आता परत शेपट्या."

एक छोटी, लाडिक हाक.

"गोठा. मैदान. तोंडं आपल्याकडे."

पिपाणी गप्प. आणि ओपलही गप्प झाली, कारण ती पाच बदकं पंखांच्या ओंजळी करून, नारिंगी पाय पुढे सोडून थेट तिच्याकडे उतरत होती. नराच्या डोक्यावर उन्हाने हिरवं पेटवलं होतं. हे असं दिसतं हे नवऱ्याने तिला कधी सांगितलं कसं नाही, याचा तिला रागच आला. हातात बंदूक आहे हे ती पार विसरली. शब्द थांबले, पण पंखांचा सूं सूं आवाज रॉइसच्या कानांवर होता. तो माणूस तेवढ्यावरून समजला.

"आता," तो म्हणाला.

ती उठली. पहिला बार घाईचा, तो आभाळाला लागला. लायलचं बोलणं आठवून तिने श्वास सोडला आणि दुसरा काढला. एक पाखरू पाण्यात कोसळलं. ग्रेव्ही हुकमाचीही वाट न बघता सुटली.

कुत्री परतली ती ओपलला ओलांडून रॉइसपाशी, जिथे ती नेहमी जायची. त्याने पाखरू हातात घेतलं. डोक्यापासून मानेवर, पाठीवर, शेपटीपर्यंत बोटं फिरवली. शेपटीवरचं वळलेलं पीस त्याच्या बोटाला लागलं तसा तो थांबला.

"हिरव्या डोक्याचा नर आहे," तो म्हणाला. "कसा आला, सांग मला. सगळं सांग."

तिने सांगितलं. पाय, ओंजळी, हिरवं, ऊन. मध्येच पाण्यापलीकडून लायल ओरडला की एकाला दोन बार म्हणजे बदक महाग पडलं. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सांगून संपल्यावर रॉइसने ते ओलं, जड पाखरू तिच्या हातात ठेवलं.

"मारलीस तू," तो म्हणाला, "सोल तू."

रविवारी दुपारी कीथचा ट्रक मागच्या अंगणात लागला तेव्हा ओपल बाकावर बसून पिसं उपटत होती. नाकावर पिसं, केसांत पिसं, आणि तोंडाने अखंड कुरकुर. शेजारी रॉइस पाखरावर बोट फिरवून कुठे काय राहिलं ते दाखवत होता आणि त्याला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. ग्रेव्ही त्याच्या ओल्या बुटांवर झोपली होती.

"काका, सामान कुठे ठेवलंय?" कीथने विचारलं.

"बंदूक काकूची आहे, तिला विचार," रॉइस म्हणाला. "पिपाणी माझ्या खिशात आहे, ती मिळायची नाही. पण बाबा, एवढा ट्रक घेऊन आलास, तुला रिकाम्या हाताने कसा पाठवू?"

त्याने जरा विचार केला.

"खिडकीजवळचा टीव्ही घेऊन जा."

कीथने ओपलकडे पाहिलं. तिने मान डोलावली आणि परत पिसांना लागली. कीथ टीव्ही घेऊन गेला.