निळ्या फुलाखालचं तांबं

काही प्रकरणांची कागदपत्रं बंद होतात, प्रकरण बंद होत नाही. निजामाच्या अमलात मी युसूफ वडगावच्या ठाण्यात अमीन, म्हणजे फौजदार होतो, तेव्हाचं हे असंच एक.

देवळातलं तांब्याचं जुनं घंगाळ चोरीला गेलं होतं. आठव्या दिवशी बाजारातला तांबट ठाण्यात आला. "सायेब, एक धनगर कच्च्या तांब्याचा गोळा घिऊन आलाय. लोटा करून मागतोय." घंगाळ वितळवलं असणार, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. मी रोजनामच्यात नोंद केली, गोळा जप्त केला आणि धनगराला कोठडीत घातलं.

"तांबं कुठून आणलंस बे?"

"काँगोतून, सायेब. आफ्रिकेतून. आमी दोघं भाऊ रेल्वेच्या कामाला गेलतो. तिथून गोऱ्यांनी खाणी हुडकायला नेलं."

ठाण्यातले जवान हसले. मीही हसलो. तुझ्यासारखा मेंढरामागचा माणूस खाणी काय हुडकणार, असं मी विचारलं.

"रान तर कळतं न्हवं? तिथं जंगलात मधीच उघडी टेकडी लागती. झाड वाढत न्हाई, बकरं तोंड लावत न्हाई, नुसतं निळं फूल येतं. त्याच्या खाली हिरवा दगूड, अन् दगडात तांबं. मैलामैलावर हाय. शंभर वर्सं खांदलं तरी सरायचं न्हाई."

भाऊ तिथंच खाणीत दबून गेला. त्यानं शेवटच्या दिवशी काढलेले दोन दगड यानं कमरेला बांधून आणले. एक वितळवून त्याचा हा गोळा केला होता; भावजयीसाठी लोटा करायचा होता.

जवानानं त्याला दोन ठेवून दिल्या. मी अडवलं नाही. तीन वेळा जबाब घेतला, तिन्ही वेळा तेच. खोटं बोलणारा तिसऱ्या खेपेला गोष्ट सजवतो, हा एक शब्द वाढवत नव्हता. तिथंच मला थांबायला हवं होतं. पण वरून तगादा होता आणि माझाही हेका होता. "दुसरा दगड आण आणि माझ्यासमोर तांबं काढून दाखव. नाहीतर उद्या कोर्टात चालान," मी बजावलं.

तो पहिल्यांदाच गयावया करू लागला. "त्यो दगूड भावजयीच्या देव्हाऱ्यात हाय. मला तुरुंगात घाला, पर त्यो मागू नका."

दगड भावजयीनंच आणला. बाजारभर बातमी झालीच होती. पदरातून हिरवा दगड काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवला. "जाळा, सायेब. मानूस तर गेलाच. दिरावरचा डाग तरी जाऊंद्या."

ठाण्याच्या आवारात लोहाराचा भाता लावला. पंच बसवले. धनगरानं दगड फोडला, कोळशाच्या भुकटीत कालवून मुशीत भरला. दुपार कलली तेव्हा मुशीच्या तळाशी लिंबाएवढं लाल तांबं निघालं. तांबटानं ते घासून पाहिलं आणि मान खाली घातली. पंचनाम्यावर सही करताना मला कुणाकडे बघवेना.

धनगराला सोडलं, आणि मग मी घंगाळ शोधायला निघालो. ते पुजाऱ्याच्याच कडब्याच्या गंजीत सापडलं. अख्खं, एक पोचासुद्धा नाही. ही झडती आधी घेतली असती तर अर्ध्या दिवसात काम झालं असतं. मी घंगाळ शोधलंच नव्हतं, आयता सापडलेला चोर धरून बसलो होतो. पुढच्या सगळ्या नोकरीत, गेलेली वस्तू शोधायला निघाल्याशिवाय मी कुणाला कोठडीत घातलं नाही.

दोन्ही गोळे परत द्यायला मी स्वतः त्यांच्या वस्तीवर गेलो. माफी मागायची अमीनाला सवय नसते; मी म्हणालो, "आता दोन लोटे होतील, बाई."

तिनं गोळे घेतले. रागावली नाही, रडलीही नाही.

"तांबं बाजारात बी मिळतं, सायेब," ती म्हणाली. "ह्यांच्या हातचा दगूड तेवढा एकच ऱ्हायलता."